यादी पाठ आहे, शब्द नाहीत

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. शाळेच्या इंग्रजी चाचणीत समानार्थी शब्दांना 10 गुण असतात. बाईंनी 120 जोड्यांची यादी दिली आहे. ती रोज 20 जोड्या पाठ करते आणि मी क्रमाने विचारल्या की एकही चुकत नाही. तरी मागच्या चाचणीत 10 पैकी 4 च गुण मिळाले. पुढच्या चाचणीला चार आठवडे आहेत. मला स्वतःला इंग्रजी वाचता येतं, पण फारसं कळत नाही. समानार्थी शब्दांचं मोठं पुस्तक आणू का? सराव कसा घेऊ?
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, ‘क्रमाने विचारल्या की एकही चुकत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. दुखणं नेमकं तिथेच आहे. मुलीची यादी पाठ झाली आहे, शब्द नाहीत. सातचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधूनच ‘सात आठे किती?’ विचारलं, की तो मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून चालत येतो. तसंच हे आहे. ‘बिग’च्या पुढे ‘लार्ज’ आठवतं ते वरच्या ओळीच्या आधाराने, आणि चाचणीत ती वरची ओळ नसते. तिची मेहनत कमी पडलेली नाही. तेव्हा रागवू नका, फक्त मेहनतीची दिशा बदलू या.

सगळ्यात आधी बाईंना विचारून घ्या की प्रश्न कोणत्या प्रकारचा येतो. जोड्या लावायच्या असतात, चार पर्यायांतून निवडायचं असतं, उताऱ्यातून त्याच अर्थाचा शब्द शोधायचा असतो, की अधोरेखित शब्द बदलून वाक्य पुन्हा लिहायचं असतं? या चारांची तयारी वेगवेगळी असते. जोड्यांमध्ये आणि पर्यायांमध्ये शब्द ओळखला तरी भागतं. वाक्य पुन्हा लिहायचं असेल तर स्पेलिंगही लागतं आणि आजूबाजूचं वाक्यही सांभाळावं लागतं. मागच्या चाचणीचा पेपर घरी असेल तर तो समोर घ्या आणि चुकलेल्या सहा प्रश्नांपाशी थांबा. त्या सहा चुका एकाच जातीच्या नसणार.

आता मूळ मुद्दा. ‘समानार्थी’ या शब्दामुळे मुलांना वाटतं की दोन शब्द एकमेकांच्या जागी कुठेही चालतात. मराठीत तरी चालतात का? घर आणि गृह यांचा अर्थ एकच, पण ‘घरपाठ केलास का?’ असं कोणी विचारत नाही आणि ‘गृहकामाला बाई’ कोणी शोधत नाही. पाणी म्हणजेच जल, पण आपण भरतो ती पाणीपट्टी आणि स्पर्धा असते ती जलतरणाची. नळाला जल आलं असं म्हटलं तर शेजारीण हसेल. प्रत्येक शब्दाची शेजारपाजारची माणसं ठरलेली असतात. इंग्रजीत हेच आहे, आणि त्याला कारण आहे. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे बराच काळ दरबाराची भाषा फ्रेंच होती आणि घरादारात इंग्रजी. त्यातून ‘हेल्प’ आणि ‘एड’, ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘आस्क’ आणि ‘इन्क्वायर’ असे जोडीजोडीने शब्द राहिले, एक रोजचा आणि एक कागदोपत्री. आपल्याकडे मदत आणि साहाय्य आहेत, तसेच.

म्हणून मुलीच्या वहीत सुटी जोडी नको. शब्द वाक्यात बसलेला हवा. ‘हॅपी म्हणजे ग्लॅड’ एवढंच लिहिलं तर ती उद्या ‘अ ग्लॅड फॅमिली’ लिहील आणि गुण जाईल. त्याऐवजी ‘वी वेअर हॅपी टू सी आजी’ हे वाक्य लिहून ‘हॅपी’खाली रेघ ओढली, तर तिथे ‘ग्लॅड’ चपखल बसतं: आजीला बघून आम्हाला आनंद झाला. ‘ग्लॅड’ असा एखाद्या घटनेने झालेल्या आनंदासाठी येतो आणि बहुधा ‘वॉज’, ‘वेअर’, ‘ॲम’ यांच्यानंतर येतो. ‘अ हॅपी फॅमिली’तला ‘हॅपी’ वेगळा, तिथे कुटुंबच सुखी आहे. एवढा फरक कळला की जोडी कायमची डोक्यात बसते.

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी पाठांतर अजिबात नको, फक्त निवड करायची. यादीची उजवी बाजू झाका आणि मुलीला डाव्या शब्दाचा अर्थ मराठीत लिहायला सांगा. मग डावी बाजू झाकून उजव्या शब्दांचे अर्थ. तीन गठ्ठे पडतील: दोन्ही शब्द येतात, एकच येतो, एकही येत नाही. पहिल्या गठ्ठ्याला हात लावायची गरज नाही, त्याची फक्त शेवटच्या आठवड्यात एकदा उजळणी करा. समजा त्यात 30 जोड्या गेल्या तर उरल्या 90. आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा नव्या जोड्या, म्हणजे तीन आठवड्यांत 90 होतात आणि चौथा आठवडा पूर्ण मोकळा राहतो. रोज 20 चा वेग सोडून द्या. आज वाचलेलं पुढच्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने गळतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून हे 1885 मध्ये मांडलं होतं. रोज 20 नवे शब्द घेतले की कालचे 20 बघायला वेळच उरत नाही, आणि गळती तिथेच होते.

दुसऱ्या गठ्ठ्यातल्या जोड्या सोप्या, कारण ओळखीच्या शब्दाच्या बोटाला धरून नवा शब्द येतो. तिसऱ्या गठ्ठ्याशी मात्र जपून वागा. ‘फीबल’ आणि ‘फ्रेल’ हे दोन्ही नवे शब्द एकाच संध्याकाळी घेतले तर ते एकमेकांत मिसळतात आणि आठवड्याने मुलीला एवढंच आठवतं की ‘फ’वरून काहीतरी होतं. सारख्या अर्थाचे नवे शब्द एका बैठकीत शिकले तर जास्त गोंधळतात, हे 1990 च्या दशकातल्या भाषाशिक्षणाच्या प्रयोगांतही दिसलं आहे. उपाय सोपा आहे. आधी ‘फीबल’ला ओळखीच्या ‘वीक’शी बांधा, तो पक्का झाला की चार-पाच दिवसांनी ‘फ्रेल’ आणा. रोजच्या सहा जोड्याही वेगवेगळ्या विषयांतल्या घ्या. एक स्वभावाची, एक आकाराची, एक चालण्याबोलण्याची. ‘आनंद’ या अर्थाचे पाच शब्द एकाच दिवशी नकोत, यादीत ते एकाखाली एक छापलेले असले तरी.

कार्डं करा, विकत आणू नका. लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम, एका पत्रिकेतून चार कार्डं निघतात. पुढच्या बाजूला इंग्रजी वाक्य, त्यात एका शब्दाखाली रेघ. मागच्या बाजूला समानार्थी शब्द आणि त्या वाक्यातला मराठी अर्थ, बस. वाक्यं बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकातून घ्या, ती वर्गात वाचलेली असतात आणि व्याकरणाने बरोबर असतात. तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून इथे आम्ही शब्द देवनागरीत दिले आहेत. कार्डावर मात्र मुलीने इंग्रजी अक्षरांतच लिहायचं, वर देवनागरीत उच्चार लिहायचा नाही. तो लिहिला की डोळे मराठी वाचतात आणि इंग्रजी स्पेलिंग बघतच नाहीत. उच्चार अडला तर बाईंना विचारून तोंडाने म्हणून घ्यावा.

कार्डं ठेवायला चपलांचं खोकं घ्या आणि पुठ्ठ्याचे दोन तुकडे आडवे लावून तीन कप्पे करा. शिकायचं कसं यावर लिहिणारे लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात ही कप्प्यांची पद्धत लोकांपुढे आणली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं, तो कप्पा रोज काढायचा. उत्तर बरोबर आलं तर कार्ड दुसऱ्यात, तो बुधवारी आणि शनिवारी काढायचा. तिथेही बरोबर आलं तर तिसऱ्यात, तो फक्त रविवारी. कुठल्याही कप्प्यात चुकलं की कार्ड थेट पहिल्यात परत. कार्डं दर वेळी पत्त्यांसारखी पिसून घ्या, म्हणजे क्रम पाठ होणार नाही. पहिल्या कप्प्यात 20 च्या वर कार्डं साठली तर त्या दिवशी नवे शब्द बंद ठेवा, तुंबलेलं आधी उपसा. संध्याकाळी 15 मिनिटं आणि सकाळी शाळेच्या आधी 5 मिनिटं पुरतात. एका बैठकीत तासभर बसवण्याने काही साधत नाही.

आता तुमची शंका, की तुम्हाला इंग्रजी कळत नाही. या कामाला ते फारसं आडवं येत नाही. कार्डाची पुढची बाजू मुलीकडे करा, मागची तुमच्याकडे. तिने शब्द तोंडाने म्हणायचा आणि वहीत लिहायचाही. तुम्ही अक्षराला अक्षर लावून बघा. मग तिला त्या वाक्याचा मराठी अर्थ सांगायला लावा, तो कार्डावरच्या अर्थाशी जुळतो का ते तुम्ही नक्की सांगू शकता. एक मात्र पाळा: ती अडली की लगेच उत्तर सांगू नका. दहापर्यंत आकडे मोजा. आठवायला जे कष्ट पडतात त्यानेच शब्द पक्का होतो, नुसतं पुन्हा वाचण्याने नाही. आणि अर्धी कार्डं उलट्या बाजूनेही विचारा, ‘लार्ज’ सांगून ‘बिग’ काढून घ्या. चाचणी कुठल्या बाजूने विचारेल याचा भरवसा नसतो.

चुका कशा होतात ते एका प्रश्नावर बघू. वाक्य आहे: ‘द फार्मर रिप्लाइड पोलाइटली.’ रेघ ‘रिप्लाइड’खाली. पर्याय आहेत ‘आस्क्ड’, ‘आन्सर’, ‘आन्सर्ड’, ‘रिपीटेड’. ‘आस्क्ड’ हा उलट्या अर्थाचा आहे. घाईत असलेल्या मुलाला विचारणे-सांगणे ही ओळखीची जोडी दिसते आणि तो तिथेच खूण करतो. ‘रिपीटेड’ दिसायला सारखा, सुरुवातीची तीन अक्षरं आर-ई-पी तीच. ‘आन्सर’ सगळ्यात फसवा, कारण अर्थ बरोबर आहे आणि रूप चुकलेलं. शेतकऱ्याने उत्तर दिलं, म्हणजे भूतकाळ, म्हणून शेवटी ई-डी असलेला ‘आन्सर्ड’ हवा. मुलीला सवय लावा की अर्थाच्या आधी शब्दाची शेपटी बघायची: ई-डी आहे, आय-एन-जी आहे, एल-वाय आहे की एस. शेपटी जुळत नाही ते पर्याय लगेच बाद. ‘क्विकली’च्या जागी ‘रॅपिड’ कधीच नाही, ‘रॅपिडली’ हवा. शेपट्या प्रत्येक वेळी अशाच दिसतात असं नाही, ‘रॅन’सारखे शब्द शेपटीशिवायच भूतकाळी असतात. तरी सातवीच्या पेपरात ही एक नजर बरेच गुण वाचवते.

दिसायला सारखे शब्द ही मोठी अडचण आहे. ‘क्वाएट’ म्हणजे शांत, स्पेलिंग क्यू-यू-आय-ई-टी. ‘क्वाइट’ म्हणजे बऱ्यापैकी, स्पेलिंग क्यू-यू-आय-टी-ई. शेवटची दोन अक्षरं फिरली की अर्थच गेला. ‘लूज’ आणि ‘लूझ’, ‘वेदर’ आणि ‘व्हेदर’, ‘अँग्री’ आणि ‘हंग्री’ हेही असेच. या जोड्यांची कार्डं एकाच दिवशी करू नका आणि जिथे फरक आहे ती अक्षरं लाल पेनाने लिहा. स्पेलिंग चुकलं तर अख्खा शब्द दहा वेळा गिरवायला लावू नका. कुठे चुकलं तेवढाच तुकडा दाखवा. ‘ब्युटिफुल’मध्ये बहुतेकांचं सुरुवातीचं बी-ई-ए-यू चुकतं, ‘डिफिकल्ट’मध्ये दुसरा एफ गळतो. बघायचं, झाकायचं, लिहायचं, उघडून ताडायचं. असं तीनदा केलं की झालं.

मराठीमुळे होणाऱ्या चुका वेगळ्या, आणि त्यावरचा उपायही मराठीतच आहे. उंच माणूस आणि उंच डोंगर यांत आपला शब्द एकच. इंग्रजीत माणूस ‘टॉल’ आणि डोंगर ‘हाय’. ‘ओल्ड’ला ‘एन्शंट’ हा समानार्थी यादीत असतो. देऊळ ‘एन्शंट’ असू शकतं, पण जुना मित्र ‘एन्शंट फ्रेंड’ होत नाही. उलटही होतं, इंग्रजी शब्द एक आणि अर्थ दोन. ‘हार्ड’ गणित म्हणजे ‘डिफिकल्ट’, पण ‘हार्ड’ दगड म्हणजे ‘सॉलिड’. ‘ब्राइट’ मुलगी ‘क्लेव्हर’, ‘ब्राइट’ तारा ‘शायनिंग’. ‘रिच’ माणूस ‘वेल्दी’, आणि ‘रिच सॉइल’ म्हणजे सुपीक जमीन, तिथे ‘फर्टाइल’ लागतो. ‘फास्ट’ म्हटलं की मुलं डोळे मिटून ‘क्विक’ लिहितात. ‘माय ग्रँडमदर कीप्स अ फास्ट ऑन मंडे’ या वाक्यातली आजी पळत नाही, ती सोमवारचा उपास करते. अशा शब्दांना एका अर्थाला एक अशी दोन कार्डं करा. ‘हार्ड’ची दोन, ‘फास्ट’ची दोन.

मराठीतल्या छटांचा फायदा घ्या. यादीत ‘अनॉइड’, ‘अँग्री’, ‘फ्युरियस’ या तिन्हींपुढे ‘रागावलेला’ लिहिलेलं असेल तर मुलीला तिन्ही एकच वाटणार. आपल्या बोलण्यात चिडणं वेगळं, रागावणं वेगळं आणि संतापणं वेगळं. ‘अनॉइड’ म्हणजे चिडलेला, ‘अँग्री’ म्हणजे रागावलेला, ‘फ्युरियस’ म्हणजे संतापलेला, असं लिहिलं की तिची पायरी चुकणार नाही. पाण्याचंही तसंच, कोमट म्हणजे ‘लुकवॉर्म’, गरम म्हणजे ‘हॉट’ आणि उकळतं म्हणजे ‘बॉइलिंग’. इथे तुमचं मराठी मुलीला शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी पडेल. कार्डाच्या मागे मराठी अर्थ लिहिताना तिला विचारा, ‘नेमकं कसं? नुसता राग, की संताप?’ योग्य शब्द सापडेपर्यंत थांबा.

वाक्य पुन्हा लिहायचा प्रश्न येत असेल तर दोन ठिकाणी हमखास गुण जातात. पहिलं ‘अ’ आणि ‘ॲन’. ‘धिस इज ॲन इझी सम’मध्ये ‘इझी’ काढून ‘सिंपल’ घातला की आधीचा ‘ॲन’ जाऊन ‘अ’ यायला हवा: ‘अ सिंपल सम’. मुलं शब्द बदलतात आणि ‘ॲन’ तसाच सोडतात. दुसरं, शब्दानंतर येणारा छोटा जोडणारा शब्द. ‘आन्सर द क्वेश्चन’ चालतं, ‘रिप्लाय’ आला की मध्ये ‘टू’ हवा. ‘वी रीच्ड द स्टेशन’ बरोबर, ‘अराइव्ह्ड’ आला की ‘ॲट’ लागतो. हे ‘टू’ आणि ‘ॲट’ कार्डावर शब्दाला चिकटूनच लिहा, वेगळे पाठ करायला ठेवू नका. उताऱ्यातून शब्द शोधायचा असेल तर आधी ठरवायचं की विचारलेला शब्द वस्तूचं नाव आहे, क्रिया आहे की गुण, आणि उताऱ्यात फक्त त्याच जातीचे शब्द तपासायचे. जोड्या लावताना खात्रीच्या आधी लावून पेन्सिलीने खोडायच्या, अडलेल्या शेवटी.

चौथ्या आठवड्यात नवं काही नको. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तिन्ही कप्प्यांतून मिळून 10 कार्डं काढा आणि घड्याळ लावून 8 मिनिटांची चाचणी घ्या. प्रत्येक चुकीपुढे मुलीनेच एक अक्षर लिहायचं: शेपटी चुकली तर ‘शे’, उलटा अर्थ घेतला तर ‘उ’, दिसण्याने फसली तर ‘दि’, मराठीमुळे घोळ झाला तर ‘म’, आणि शब्दच आठवला नाही तर ‘आ’. तीन चाचण्यांनंतर अक्षरं मोजा. ‘आ’ जास्त असतील तर कार्डांचा सराव वाढवा. ‘उ’ जास्त असतील तर कार्डांचा प्रश्नच नाही, ती सूचना न वाचता उत्तर लिहिते आहे. तिला प्रश्नातल्या ‘सेम मीनिंग’ किंवा ‘ऑपोझिट’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करायची सवय लावा. आधी गोल, मग उत्तर.

मोठं पुस्तक आणू नका. त्यात एका शब्दापुढे पंधरा शब्द असतात आणि कुठला कुठे बसतो ते बहुधा सांगितलेलं नसतं, म्हणजे आज जी अडचण आहे तीच वाढेल. खर्च करायचाच असेल तर प्रत्येक शब्दाला उदाहरणाचं वाक्य देणारा, विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्या. दुकानात उघडून ‘फास्ट’ शब्द काढून बघा. उपासाचा अर्थ आणि त्याचं वाक्य दोन्ही असेल तर घ्या, नसेल तर ठेवून द्या.

चाचणीच्या आदल्या रात्री फक्त पहिल्या कप्प्यात उरलेली कार्डं एकदा बघायची, खोकं बंद करायचं आणि मुलीला वेळेवर झोपू द्यायचं. चाचणी झाल्यावर कार्डं टाकू नका, खोकं तसंच ठेवा. सहामाही परीक्षेला त्यातली बरीच पुन्हा लागतील, आणि तेव्हा रोज सहा नव्या जोड्या करायची गरज पडणार नाही.